लग्नातले सरबत आणि तुरट रसांचे शास्त्र

मी कला शाखेची विद्यार्थिनी. मराठी हा माझा विशेष विषय. विषाणू, प्रथिने, कवच असले शब्द माझ्या लेखात पाहून आमच्या विभागातील प्राध्यापकांना नवल वाटेल आणि शास्त्र शाखेला गेलेल्या मैत्रिणींना हसू येईल, हे मी धरूनच चालले आहे. पण एका प्रश्नाने माझी पाठ सोडली नाही. त्याच्यापायी मी शेजारच्या विज्ञान महाविद्यालयातील एका प्राध्यापकांच्या घरी कितीदा गेले याची गणती नाही. त्यांनी परदेशी संशोधकांचे निबंध माझ्यापुढे ठेवले, एकेक वाक्य फोडून सांगितले. जे समजले तेवढेच येथे मांडते.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या ताईचे लग्न गावी झाले. गाव तासगाव तालुक्यातले, द्राक्षबागांच्या मुलखातले. विहिरीचे पाणी तळाला गेलेले, म्हणून टँकर मागवला होता. बर्फाच्या लाद्या तालुक्याहून आल्या. सरबताचे काम माझ्याकडे होते. दोन पिंपे पाणी, टोपलीभर लिंबे, साखर, काळे मीठ, पुदिना. पुण्याहून आलेला माझा मावसभाऊ पिंपात डोकावून म्हणाला, "पाणी उकळलंय का गं?" मी हातातले लिंबू त्याला दाखवून म्हटले, "एवढी लिंबं पिळल्यावर त्यात काय जगतंय? पी गुमान." तो हसला आणि दोन पेले प्याला.

चार आठवड्यांनी मावशीचा फोन आला. भावाचे डोळे पिवळे झाले होते. त्यानंतर आठ दिवसांत आणखी तिघांची बातमी आली: मुंबईच्या दोघी चुलतबहिणी आणि ताईची धाकटी नणंद. रक्ततपासणीत ‘हिपॅटायटिस ए’ निघाला. भावाची अभियांत्रिकीची शेवटची परीक्षा बुडाली. नणंदेला रुग्णालयात ठेवावे लागले आणि त्यातले दोन दिवस डॉक्टर काही बोलायलाच तयार नव्हते. सुदैवाने चौघेही बरे झाले. दोष पाण्याचा होता, बर्फाचा होता की वाढणाऱ्या एखाद्या हाताचा, हे काही सिद्ध झाले नाही. पण चौघांनी पोटभर घेतलेली आणि न शिजवलेली वस्तू एकच होती, आणि ती माझ्या हातची होती.

नवल असे की गावातल्या एकालाही काही झाले नाही. आजी तर ठासून सांगायची, "आमी बी त्येच प्यालो की. आमास्नी काय झालं? शहरातल्या पोरांची आतडी नाजूक." तिच्या मते लिंबाने आपले काम केले होते, पोरेच कच्ची निघाली. माझ्याही मनाला हे पटवून घ्यावेसे वाटत होते, कारण त्यात माझी सुटका होती.

प्राध्यापकांनी हा आधार पहिल्याच भेटीत काढून घेतला. या काविळीचा विषाणू लहानपणी शिरला तर बहुधा गुपचूप निघून जातो. सहा वर्षांखालील बहुतेक मुलांना कावीळ दिसतही नाही, थोडा ताप, थोडी मळमळ, एवढ्यावर भागते. मात्र एकदा तो येऊन गेला की शरीर त्याला जन्मभर ओळखते. आमच्या गावातल्या मोठ्या माणसांनी आडाचे, ओढ्याचे पाणी पीत ही परीक्षा अजाणत्या वयातच दिलेली असणार. गाळलेल्या पाण्यावर सदनिकेत वाढलेल्या माझ्या भावाने ती दिलेलीच नव्हती. तरुणपणी हाच विषाणू यकृताला फार जड जातो. आजी निरोगी राहिली ती सत्तर वर्षांपूर्वी प्यालेल्या पाण्यामुळे, लिंबामुळे नव्हे.

मग लिंबाने काहीच केले नाही काय? येथून माझा खरा अभ्यास सुरू झाला.

आपण स्वयंपाकघरात ज्याला ‘टिकवणे’ म्हणतो, त्याचा रोख जिवाणू आणि बुरशी यांच्यावर असतो. लोणच्यात मीठ, मुरंब्यात साखर, आमटीत चिंच. जिवाणू अन्नात वाढतात; मीठ, साखर, आंबटपणा त्यांची वाढ रोखतात. विषाणूची गोष्ट निराळी. तो अन्नात वाढतच नाही. वाढायला त्याला जिवंत पेशी लागते, आणि ती मिळेपर्यंत तो बी पडून राहावे तसा नुसता पडून राहतो. ज्याची वाढच चाललेली नाही, त्याची वाढ रोखून काय साधणार? त्याचा नाशच करावा लागतो.

आणि हा विशिष्ट विषाणू मोठा चिवट. १९७३ साली फाइनस्टोन, कपिकियन आणि पर्सेल या अमेरिकन संशोधकांनी तो इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम पाहिला. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातले सत्तावीस भाग भरतील एवढा त्याचा व्यास. आत जनुकद्रव्याचा एक धागा, बाहेर प्रथिनांचे घट्ट कवच. करोनाच्या विषाणूला चरबीचे वेष्टन असते, म्हणून साबण आणि मद्यार्क त्याला फोडतात. काविळीच्या या विषाणूला घाणीतून बाहेर पडताना असे वेष्टन नसते, त्यामुळे हाताला चोळायच्या मद्यार्काला तो फारशी दाद देत नाही. साबणाने हात धुतल्यावर तो मरतो असे नव्हे, पाण्याबरोबर वाहून जातो. गोठवल्याने तर तो मरत नाहीच, उलट जपला जातो. म्हणजे माझ्या बर्फाच्या लाद्यांनी त्याची सोयच केली असेल.

आंबटपणाचे काय? प्रयोगशाळेत हा विषाणू लिंबाच्या रसापेक्षाही कितीतरी तीव्र आम्लात, साध्या खोलीच्या तापमानाला, पाच तास ठेवूनही रोग देण्याइतका शाबूत राहिला आहे. हे वाचले आणि मला माझीच कीव आली. जो विषाणू तोंडावाटे शिरून जठरातल्या आम्लातून सुखरूप पार होतो, म्हणूनच तर रोग देऊ शकतो, तो पिंपभर पाण्यात पिळलेल्या लिंबाला भिईल, ही कल्पना मी कोणत्या आधारावर केली होती? जरा विचार केला असता तर पुस्तकाचीही गरज नव्हती.

एवढ्यावर लेख संपला असता. पण आंबट रसांच्या शोधात असताना मला तुरट रस भेटले, आणि ते आमच्याच शिवारातले निघाले.

१९७६ साली कॅनडातील कोनोवालचुक आणि स्पायर्स या दोन संशोधकांनी द्राक्षांवर एक निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी पोलिओचा विषाणू द्राक्षाच्या रसात मिसळून चार अंश तापमानाला, म्हणजे शीतकपाटातल्या गारव्यात, चोवीस तास ठेवला. त्याची रोग देण्याची शक्ती हजारपटीने घटली. हा आंबटपणाचा प्रताप असेल अशी शंका कोणालाही येईल, त्यांनाही आली. म्हणून त्यांनी रसातले आम्ल मारून तोच प्रयोग पुन्हा केला. परिणाम तसाच राहिला. मग फळाचा कोणता भाग हे करतो ते शोधले, तर उत्तर आले: साल. मद्यातही हा गुण होता, पण रसापेक्षा कमी. आणि पांढऱ्या मद्यापेक्षा लाल मद्यात जास्त, कारण लाल मद्य सालीसकट आंबवतात. आमच्या बागेत द्राक्ष खाताना साल थुंकून टाकणाऱ्या पाहुण्यांना माझे वडील नेहमी टोकतात. ते हे वाचून खूष झाले.

सालीत असते ते टॅनिन. हा शब्द परका वाटला तरी वस्तू आपल्या जिभेच्या ओळखीची आहे. डाळिंबाची साल, हिरडा, कात, कच्चे केळे चावले की तोंड आवळून येते, जीभ खरखरीत होते. लाळेत प्रथिने असतात. टॅनिन त्यांना धरून त्यांच्या गाठी करते, लाळेचा बुळबुळीतपणा जातो, आणि ही जी कोरड पडते तिलाच आपण तुरटपणा म्हणतो. कोल्हापुरी चपलेचे कातडे बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावतात, तेथेही हेच घडते. कातड्यातली प्रथिने टॅनिनने बांधली जातात, मग ते कुजत नाही. आता विषाणूचे कवचही प्रथिनांचेच. पेशीला चिकटायच्या त्याच्या जागा त्या कवचावरच असतात. टॅनिन त्यांवर बसले की विषाणूला दाराची कडीच सापडत नाही. चांभाराच्या कुंडात कातड्याचे जे होते तेच द्राक्षरसात विषाणूचे होते, असे मी माझ्यापुरते समजून घेतले. प्राध्यापक म्हणाले, ढोबळ आहे, पण चालेल.

पण त्याच निबंधातली पुढची गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. द्राक्षरसाने निष्प्रभ झालेल्या त्या विषाणूंत संशोधकांनी जिलेटिन घातले. जिलेटिन हे प्रथिन. टॅनिनने विषाणूला सोडून काही प्रमाणात जिलेटिनला धरले, आणि काही विषाणू पुन्हा रोगकारक झाले! म्हणजे त्यातले काही मेलेच नव्हते, नुसते बांधलेले होते. हे वाक्य मी तीनदा वाचले.

या धाग्यावर पुढे बरेच काम झाले आहे. अमेरिकेतील टेनेसी विद्यापीठात डोरिस डिसूझा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० पासून क्रॅनबेरी, डाळिंब, द्राक्षाच्या बिया, लाल अंबाडीची बोंडे अशा कितीतरी वस्तूंचे अर्क विषाणूंवर तपासले. यात एक अडचण होती. अन्नातून उलट्या-जुलाब पसरवणारा सर्वांत मोठा गुन्हेगार म्हणजे नोरोव्हायरस. ओहायो राज्यातील नॉरवॉक येथील शाळेत १९६८ साली साथ आली, त्यावरून हे नाव पडले. १९७२ साली वर आलेल्या त्याच कपिकियन यांनी तो पाहिला. पण प्रयोगशाळेत तो वाढेच ना. २०१६ साली ह्यूस्टनच्या संशोधकांनी मानवी आतड्याच्या पेशींवर तो वाढवून दाखवला, तोवर मांजराचा आणि उंदराचा असे त्याचे दोन नातेवाईक वापरून काम भागवले जाई. डाळिंबाच्या रसात तासभर ठेवल्यावर मांजराचा विषाणू पुष्कळ घटला, उंदराचा त्याहून कमी, आणि जिवाणूंवर जगणारा एक तिसरा विषाणू जवळजवळ हललाच नाही. शिवाय मुळात विषाणू जास्त संख्येने टाकले, तर मांजराच्या आणि उंदराच्या विषाणूवरचा परिणाम आणखी खाली आला. तेव्हा ‘डाळिंब विषाणू मारते’ असे सरसकट म्हणण्यात अर्थ नाही. कोणता विषाणू, किती, किती वेळ, हे विचारल्यावाचून ते वाक्य पुरे होत नाही.

‘कशात’ हाही एक प्रश्न आहेच. द्राक्षबियांचा अर्क सफरचंदाच्या रसात चटकन काम करतो, दुधात फार मंद. दुधातली प्रथिने टॅनिन आधीच पळवतात, जिलेटिनचीच गोष्ट. बेल्जियममधील घेंट येथील संशोधकांनी २०१२ मध्ये हाच अर्क पाला धुतलेल्या पाण्यात घातला, तेव्हा पाणी जितके गढूळ तितका गुण कमी, असे दिसले. स्वच्छ नळीत मात्र त्याच अर्काने विषाणूंचे गठ्ठे झालेले आणि आकार बिघडलेले त्यांना सूक्ष्मदर्शकाखाली दिसले होते. म्हणजे ज्या घाणेरड्या पाण्यात त्याची गरज सर्वांत जास्त, तेथेच तो दुबळा पडतो. जपानमध्ये २०१३ साली पर्सिमोन या फळाच्या टॅनिनने चरबीचे वेष्टन नसलेल्या चिवट विषाणूंनाही दहा हजारपटींहून अधिक घटवल्याचे दाखवले आहे. हा आकडा मोठा आहे, पण तोही प्रयोगनळीतलाच. हिरव्या चहाच्या अर्कावर स्पेनमध्ये काम झाले आहे. पालेभाज्या धुण्यासाठी तो वापरता येईल का, याचा तेथे शोध चालतो. आपला दूध घातलेला चहा या हिशेबात धरू नये. तो आपल्याला वाचवतो तो खळखळ उकळतो म्हणून.

मसाल्यांचीही गोष्ट थोडक्यात सांगते. ॲरिझोना विद्यापीठात २०१४ साली ओरेगानो या पाल्यातील कार्व्हाक्रॉल या द्रव्याने उंदराचा नोरोव्हायरस तासाभरात सुमारे दहा हजारपटीने कमी केला. ते थेट कवचावरच हल्ला करते. आपल्या ओव्याचा उग्र वास ज्या थायमॉलचा, ते याचेच सख्खे भावंड. हळदीतल्या कर्क्युमिनवर निळा प्रकाश पाडून कालवांतील नोरोव्हायरस कमी करण्याचे प्रयोग झाले आहेत. अंधाऱ्या डब्यातली हळद आणि ते, यांत फरक आहे. आणि लिंबाची बाजू घेणारा एक पुरावाही प्रामाणिकपणे नोंदवला पाहिजे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथे हान्समन यांच्या गटाला दिसले की लिंबातल्या आम्लाचे क्षार नोरोव्हायरसच्या कवचावर नेमके पेशीला धरण्याच्या जागीच जाऊन बसतात. पण नोरोव्हायरस वेगळा आणि कावीळ वेगळी. माझ्या पिंपात त्याचा उपयोग नव्हता.

‘हजारपट’, ‘दहा हजारपट’ हे शब्द ऐकताना छाती फुगते. मीही फुगवली होती. प्राध्यापकांनी कागदावर एक साधा हिशेब मांडला. समजा पिंपात दहा लाख विषाणू आहेत. हजारपट घट म्हणजे उरले एक हजार. टक्केवारीत सांगायचे तर नव्व्याण्णव पूर्णांक नऊ दशांश टक्के नाहीसे झाले, जाहिरातीत शोभेल असा आकडा. पण रोग द्यायला नोरोव्हायरसचे अगदी थोडे कण पुरतात. अठरा कणही पुरत असावेत असा एक अंदाज आहे. काविळीच्या विषाणूलाही फार मोठी फौज लागत नाही. आणि काविळीच्या रोग्याच्या विष्ठेत ते कोट्यवधींनी असतात, तेही डोळे पिवळे होण्याच्या आधीपासून, जेव्हा तो माणूस स्वतःला धडधाकट समजून पंगतीत वाढत असतो.

डाळिंबाने मला सर्वांत मोठा धक्का दिला. २०१३ साली अमेरिकेत ‘हिपॅटायटिस ए’ची साथ आली. दहा राज्यांत १६५ जण आजारी पडले. शोध घेता घेता तपास गोठवलेल्या फळांच्या एका मिश्रणाशी येऊन थांबला आणि त्यातही तुर्कस्तानातून आलेल्या डाळिंबाच्या दाण्यांवर. ज्या फळाचा रस प्रयोगशाळेत विषाणूंना नमवत होता, त्याच फळाच्या दाण्यांवर बसून कावीळ समुद्रापार गेली! विचार केला की यात विसंगती उरत नाही. दाणा अखंड असतो, त्याचा रस आत असतो आणि विषाणू बाहेर. शिवाय फळातले बरेचसे टॅनिन सालीत, आणि साल तर सोलून फेकलेली. उरलेली कामगिरी शीतगृहाने केली. आमच्याकडच्या बाजारात सोललेल्या दाण्यांचे डबे मिळू लागले आहेत, त्यामुळे ही गोष्ट दूरची समजू नये. डाळिंब घरी आणून, हात धुऊन, आपणच सोलावे हे बरे.

मग या सगळ्या संशोधनाचा उपयोग काय, असे माझ्या एका मैत्रिणीने विचारले. आहे. जे पदार्थ उकळता येत नाहीत, कोथिंबीर, पाला, कापलेली फळे, तेथे क्लोरीनला जोड म्हणून असे अर्क कामी येतील. मद्याच्या कारखान्यांतून द्राक्षबिया आणि साली टनांनी फेकल्या जातात, त्यांचे चीज होईल. पण हे अर्क मोजून, गाळून, ठरावीक वेळ वापरायचे असतात. चिमूटभर आणि अंदाजपंचे घातलेली वस्तू आणि तो अर्क यांचे नाव एक असले तरी काम एक नसते. माझी चूक लिंबावर श्रद्धा ठेवण्यात नव्हती इतकी, जितकी ती श्रद्धा पाणी उकळण्याच्या जागी बसवण्यात होती.

उकळण्याला पर्याय नाही, हे लिहिताना मला जरा ओशाळल्यासारखे होते, कारण हे तिसरीच्या पुस्तकातही असते. पंचाऐंशी अंशांवर एक मिनिट ठेवले की काविळीचा विषाणू संपतो. उकळते पाणी तर शंभर अंशांचे. मात्र नुसते चटका देऊन भागत नाही. १९८८ साली शांघायमध्ये जवळजवळ तीन लाख लोकांना कावीळ झाली ती घाण पाण्यातल्या शिंपल्यांमुळे. तेथे ते कच्चे किंवा वरवर गरम पाणी दाखवून खात. आत ऊन पोचतच नसे. टँकरच्या पाण्यात योग्य मापाने टीसीएल पावडर घालून अर्धा तास थांबणे, हाही मार्ग होता. आमच्याकडे पावडर होती, न उघडलेल्या पुडीत. लसही आहे. लग्नाला येण्यापूर्वी भावाने ती घ्यायला हवी होती असे म्हणण्याचा अधिकार मात्र मला नाही.

यंदा ताईच्या बाळाचे बारसे गावीच झाले. आदल्या दिवशी पहाटे मी परसात चुलवण पेटवले आणि मोठ्या पातेल्यांतून पाणी उकळले. ते निवायला दुपार झाली. बर्फ आणला नाही. माठ भरून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवले. संध्याकाळी मावसभाऊ आला. या खेपेला त्याने काहीच विचारले नाही, त्यामुळे मला जास्तच अवघडल्यासारखे झाले. दुसऱ्या दिवशी मी सरबताला बसले तेव्हा आजी शेजारी येऊन टेकली. बराच वेळ माझ्या हातांकडे बघत होती.

"पानी उकळलंस न्हवं?"

"हो."

"मग लिंबू कशाला पिळतीस?"

"चवीला," मी म्हटले. तिने विळी पुढे ओढली आणि उरलेली लिंबे कापायला घेतली.